तासावर चालणारा घसा

कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाचे काम म्हणजे आरामाचे काम, असा आपल्याकडे पक्का समज आहे. किन्हीराजाच्या बसथांब्यावर सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, पाठीला पिशवी लावून एखादा तरुण उभा दिसला, की चहाच्या कपातून डोके वर काढून कोणीतरी म्हणतेच, "याचं बरं हाय बाप्पा. दोन घंटे बोल्ला का मोकळा!" ऊन नाही, चिखल नाही, फवारणी नाही. मग आजार कसला?

वाचकहो, पंचवीसेक वर्षे या रस्त्यावर दवाखाना चालवल्यावर मी एवढे सांगू शकतो, की या 'दोन घंटे' बोलणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. घसा बसणे, छातीत जळजळ, पायांच्या शिरा, कंबर, झोप न लागणे, आणि बायकांमध्ये लघवीची जळजळ. शेतकऱ्याला विळा लागतो, गवंड्याला सिमेंटने हाताची खाज सुटते, ड्रायव्हरची कंबर धरते. तसेच हे शिकवण्याच्या धंद्याचे आजार. फरक एवढाच, की विळा लागलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी येतो आणि घसा बसलेला प्राध्यापक दुसऱ्या महिन्यात येतो. तो उशिरा का येतो, हे समजायला त्याचा दिवस आणि त्याचा पगार दोन्ही समजून घेतले पाहिजेत.

आमच्या वेळी कॉलेजात नव्याने लागलेल्या माणसाला अधिव्याख्याता म्हणत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनंतर त्याच जागेला सहायक प्राध्यापक म्हणू लागले. नाव मोठे झाले, वाट मात्र अरुंद झाली. एम. ए. किंवा एम. एस्सी. झाल्यावर नेट (ही परीक्षा १९८९ पासून आहे) किंवा आपल्या राज्याची सेट उत्तीर्ण व्हायची, जमले तर पीएच. डी. करायची, आणि मग जागा निघण्याची वाट पाहायची. ती निघेपर्यंत बहुतेकांच्या वाट्याला येते ते 'तासिका तत्त्व', आपल्या बोलीत सीएचबी. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्या तासांचे पैसे. उन्हाळ्याच्या सुट्टीचे नाहीत, दिवाळीचे नाहीत, आजारपणाचे तर नाहीतच. शिवाय ते पैसे महिन्याच्या महिन्याला हाती पडतील याचीही खात्री नाही. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला सुरू झाले आणि आपल्या भागातली कॉलेजे नागपूर विद्यापीठातून त्याच्याकडे आली. २००५ मध्ये विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. त्या विद्यापीठाच्या हद्दीत तालुक्या-तालुक्याला आज कॉलेज आहे ही चांगली गोष्ट आहे. पण त्यातल्या कितीतरी वर्गांत फळ्यासमोर उभा असलेला माणूस तासावर आलेला असतो, हे मुलांच्या आईबापांना ठाऊकही नसते.

आता त्याचा दिवस पाहू. माझ्याकडे येणाऱ्या तीन-चार जणांचे सांगणे एकत्र करतो. पहाटे साडेपाचला उठणे. घरी म्हशी असतील तर धार. उपाशीपोटी चहा, बरोबर दोन बिस्किटे. सातच्या सुमारास मोटरसायकल. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, पण त्यावर दुचाकीला मनाई, त्यामुळे याला जुन्याच रस्त्याने शेलूबाजारकडे नाहीतर मालेगावकडे जावे लागते. हिवाळ्यात गार वारा आणि उन्हाळ्यात ट्रकची धूळ थेट घशात. साडेआठला पहिला तास. दोन तास झाले की दुसऱ्या गावच्या दुसऱ्या कॉलेजात, कारण एका ठिकाणच्या तासांवर घर चालत नाही. तिथे आणखी दोन. दुपारचा डबा तीनला, कधी चारला, आणि तोही उभ्या उभ्या. संध्याकाळी गावात दहावी-बारावीच्या मुलांची शिकवणी. रात्री उद्याच्या तासाची तयारी, पेपर तपासणे, पीएच. डी. चे काम. मग जेवण दहाला, अंथरूण साडेदहाला.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमात पूर्ण वेळ सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवावे आणि एकंदर ४० तास कामाला द्यावेत, असे आहे. म्हणजे एका तासामागे दीड तास तयारी, तपासणी आणि इतर कामाला धरला आहे. नियम करणाऱ्यांनाही हे कळते, की शिकवणे म्हणजे नुसते बोलणे नव्हे. तासावर येणाऱ्याला मात्र फक्त बोललेले मोजून मिळते. तेव्हा त्याची सगळी कमाई शरीराच्या एका लहानशा जागेतून येते, आणि ती जागा म्हणजे घसा.

ही जागा किती लहान आहे पाहा. गळ्यावर बोट ठेवा. पुरुषांमध्ये जो उंचवटा लागतो, त्याच्या आत मऊ पातळ आवरण असलेल्या दोन घड्या असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. लांबी जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, पुरुषांत थोडी जास्त. श्वास घेताना त्या उघडतात. बोलताना जवळ येतात, आणि फुप्फुसातून येणारी हवा त्यांच्यामधून जाताना त्या एकमेकींवर आपटून थरथरतात. पुरुषाच्या नेहमीच्या बोलण्यात ही आपटाआपटी सेकंदाला शंभर ते सव्वाशे वेळा होते, बाईच्या आवाजात दोनशेच्या आसपास. आता पाऊण तासाचा एक तास धरा आणि त्यातला अर्धाच वेळ आवाज चालू आहे असे समजा. तरी पुरुषाच्या स्वरतंतूंची टक्कर सुमारे दीड लाख वेळा झाली आणि बाईची अडीच लाखांहून अधिक. हा एका तासाचा हिशोब. दिवसाला चार तास आणि संध्याकाळची शिकवणी तुम्हीच जोडा.

यात आवाज चढवला की टक्कर जोराची होते. आवाज चढवावाच लागतो, कारण वरून पत्रे, डोक्यावर खडखडणारे पंखे, बाहेर रस्ता, आणि समोर ऐंशी-नव्वद मुले. जूवाने बैलाच्या खांद्यावर घट्टा पडतो, वखर धरून तळहाताला घट्टे पडतात, तसेच स्वरतंतूंच्या कडेला, जिथे सगळ्यात जास्त मार बसतो तिथे, दोन्ही बाजूंना समोरासमोर लहान गाठी येतात. त्यांना स्वरतंतूंच्या गाठी म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, हा कर्करोग नव्हे. पण मध्ये गाठ असली की दोन घड्या नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते, आवाज फाटतो. मग माणूस आणखी जोर लावतो आणि गाठ आणखी टणक होते.

बायकांच्या स्वरतंतूंची टक्कर पुरुषांपेक्षा जास्त वेळा होत असल्यामुळे हा आजार शिक्षिका, प्राध्यापिका आणि अंगणवाडीच्या ताई यांच्यात अधिक दिसतो. भजन-कीर्तन करणारे, बाजारात ओरडून भाजी विकणारे, एस. टी. चे कंडक्टर, हे सगळे याच रांगेतले.

थोडे विषयांतर करतो, कारण गोष्ट गमतीची आहे. जिवंत माणसाचे हलणारे स्वरतंतू नीट पाहण्याची रीत डॉक्टरने शोधून काढलेली नाही, ती एका शिक्षकाने काढली. मॅन्युएल गार्सिया नावाचा गाण्याचा मास्तर होता. त्याने १८५४ मध्ये दातांच्या डॉक्टरचा लांब दांडीचा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने सूर्याचे ऊन त्यावर पाडले आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. कान-नाक-घशाचे डॉक्टर पुढे कित्येक वर्षे त्याच आरशाच्या तत्त्वाने घसा पाहत आले. स्वतः गार्सिया १०१ वर्षे जगला. घसा सांभाळायचा कसा, हे त्याला ठाऊक असावे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. दोन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या हंगामात तिशी उलटलेला एक तरुण त्याच्या वडिलांबरोबर दवाखान्यात आला. दोन कॉलेजांत तासावर शिकवतो. आवाज बसून पाच आठवडे झालेले. मधल्या रविवारी घरच्या मळणीयंत्रावर उभा राहिलेला, सोयाबीनचा भुसा नाकातोंडात गेलेला. त्याआधी दोन ठिकाणी दाखवून झाले होते. एका ठिकाणी अँटिबायोटिक, दुसऱ्या ठिकाणी तीन सुया. सुई घेतली की दोन दिवस आवाज उघडायचा, तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट.

मला म्हणाला, किंबहुना कुजबुजला, "सर, तीच सुई मारा ना. उद्या चार तास आहेत."

ही सुई बहुधा स्टेरॉइडची असते. तिने सूज तात्पुरती उतरते, हे खरे. योग्य वेळी, तपासून, तज्ज्ञाने दिली तर तिचा उपयोगही आहे. पण सुजलेल्या स्वरतंतूंवर सुई मारून लगेच चार तास ओरडायला पाठवणे म्हणजे लंगड्या बैलाला दारू पाजून नांगराला जुंपणे. दुखणे कळत नाही आणि इजा वाढते. कधी कधी स्वरतंतूच्या आत रक्तस्राव होतो. अँटिबायोटिकचे म्हणाल, तर घसा बसण्याच्या बहुतेक आजारांत विषाणू नाहीतर अति वापर, हेच कारण असते. दोन्हींवर अँटिबायोटिक काही करत नाही.

मी त्याला आवाजाला पूर्ण विश्रांती दे, असे सांगायला सुरुवात केली. त्याने खिशातून पेन काढून माझ्याच चिठ्ठीच्या मागे हिशोब लिहिला. एका आठवड्याचे दोन्हीकडचे तास, त्यांचे पैसे, शिकवणीचे पैसे, मोटरसायकलचा हप्ता. लिहून कागद माझ्यापुढे सरकवला आणि बारीक आवाजात म्हणाला, "सर, कायम असतो तर मेडिकल रजा टाकली असती. माझी रजा म्हणजे बुडालेली मजुरी."

वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "म्हंजे निंदणाच्या बायांसारखंच हाय म्हना की, डॉक्टरसाहेब. वावरात आली तं मजुरी, नाही आली तं नाही. मी तं गावात सांगतो, पोरगा प्रोफेसर झाला म्हनून."

मुलगा खाली पाहू लागला. मीही थोडा वेळ काही बोललो नाही. औषधाच्या पुस्तकात 'आवाजाला विश्रांती' हे शब्द फार सहज छापलेले असतात. ज्याची चूल आवाजावर पेटते, त्याला ते सांगताना डॉक्टरने पुढचा विचारही सांगितला पाहिजे.

आम्ही तिघांनी बसून तो विचार केला. सगळ्यात आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचे, कारण पाच आठवडे झाले होते. त्याला मी अकोल्याला पाठवले. दुर्बिणीने तपासणी झाली. दोन्ही स्वरतंतूंवर लहान, मऊ गाठी निघाल्या. ऑपरेशन लागणार नव्हते. अशा गाठींवर पहिला उपाय म्हणजे आवाज वापरण्याची रीत बदलणे. वाचा-उपचार तज्ज्ञ ती शिकवतात: पोटातून श्वास कसा घ्यायचा, वाक्याच्या शेवटी हवा संपली तरी रेटत बोलायचे नाही, मान आणि जबडा ताठ धरायचा नाही. वाचायला सोपे वाटते, पण दहा वर्षांची सवय मोडायची असते. त्याला आठवड्याला एकदा असे सहा-सात वेळा जावे लागले.

तोवर तास कसे घ्यायचे? तीन आठवडे शिकवणी पूर्ण बंद केली, कारण लहान मुलांच्या गोंगाटावर आवाज चढवणे तिथेच सर्वांत जास्त होत होते. त्या महिन्याचा हप्ता चुकला, हे मी लपवत नाही. पुढच्या महिन्यात वडिलांनी सोयाबीन विकून तो भरला. कॉलेजचे तास सोडले नाहीत, पण त्यांची बांधणी बदलली. धडा किंवा उतारा मुलांनी मोठ्याने वाचायचा, त्याने फक्त अडेल तिथे बोलायचे. फळ्यावर लिहिताना तोंड बंद, कारण भिंतीकडे तोंड करून बोललेले मागच्या बाकावर जात नाही आणि मग पुन्हा ओरडून सांगावे लागते. वर्ग शांत करायला ओरडायचे नाही, डस्टरने टेबलावर दोनदा ठोकायचे. मुलांना पुढच्या बाकांवर बसवायचे. आणि कमरेला बांधायचा लहान ध्वनिक्षेपक. दोन पँटी शिवायला जितके लागतात तितक्याच्या आसपास तो मिळतो. पहिल्या दिवशी मुले हसली, "सर, गाडीवर भंगार घ्यायला निघाले का?" म्हणाली. आठव्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीने येऊन सांगितले, की यंदा पहिल्यांदाच तिला सगळे ऐकू येते आहे.

अडीच महिन्यांनी त्याचा आवाज पूर्वीच्या ऐंशी टक्क्यांवर आला, असे त्याचे म्हणणे. गाठी दुसऱ्या तपासणीत लहान झालेल्या होत्या. ध्वनिक्षेपक तो अजून वापरतो.

घसा बसला की लोक काय काय करतात, त्याबद्दल दोन शब्द. कुजबुजून बोलणे ही विश्रांती नव्हे. पुष्कळांचा घसा कुजबुजताना उलट जास्त ताणला जातो. बोलायचेच असेल तर हळू, मोकळ्या आवाजात, जवळच्या माणसाशी बोला. सतत खाकरणे वाईट, प्रत्येक खाकरण्यात स्वरतंतू एकमेकांवर जोराने आदळतात. खाकरावेसे वाटले की घोटभर पाणी प्या. मिठाच्या गुळण्यांनी घशाच्या मागच्या भागाला आराम पडतो, पण त्या स्वरतंतूंपर्यंत पोचत नाहीत. पोचल्या तर ठसका लागेल. वाफ पोचते. साध्या पाण्याची वाफ दिवसातून दोनदा घ्या, त्यात बाम किंवा निलगिरी घालू नका, ती घसा कोरडा करते. मध, आले चालते, मधुमेह असेल तर मध बेताने. ज्येष्ठमधाची कांडी चघळायला हरकत नाही, पण ती रोज, महिनोन्‌महिने चघळणाऱ्यांचा रक्तदाब वाढतो. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या एका मास्तरांची कांडी मी बंद करवली आहे.

खर्रा. हा शब्द वेगळ्या ओळीत लिहावा इतका तो आपल्याकडे मोठा आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा प्लास्टिकच्या कागदात आजही वळला जातो, आणि तो वळून घेणाऱ्यांत शिकलेले हातही असतात. 'तास घ्यायला तरतरी येते' असे मला सांगितले जाते. तरतरी येते ती तंबाखूने, आणि जाते तेव्हा चिडचिड ठेवून जाते. तोंड कोरडे, घसा कोरडा, छातीत आम्ल. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग तर पुढचा.

म्हणून एक नियम लक्षात ठेवा. आवाज बसून तीन आठवडे झाले आणि सुधारणा नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला स्वरतंतू दाखवलेच पाहिजेत. तंबाखू खाणाऱ्याने, विडी-सिगारेट ओढणाऱ्याने तर एक दिवसही पुढे ढकलू नये. स्वरयंत्राचा कर्करोग या बाबतीत थोडा 'प्रामाणिक' आहे. स्वरतंतूवर उगवला तर तो लहान असतानाच आवाज बदलून दाखवतो, आणि त्या वेळी पकडला तर बहुधा पूर्ण बरा होतो. बोलताना किंवा खोकताना रक्त पडणे, गिळताना दुखणे, मानेत गाठ, श्वास घेताना आवाज होणे, वजन उतरणे यांपैकी काही असेल तर तीन आठवडेही थांबू नका. क्षयरोग स्वरयंत्रात होतो, थायरॉइड मंदावला तरी आवाज घोगरा होतो, म्हणून नुसते 'घसा बसला' असे म्हणून स्वतःच निदान करू नये. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या वाशीमच्या वैद्यकीय महाविद्यालयाचेही उद्घाटन झाले. तेव्हा दूर जावे लागते, ही सबब आता पूर्वीसारखी चालणार नाही.

दुसरी गोष्ट पोटाची. वरचा दिवस पुन्हा वाचा. उपाशीपोटी चहा, दुपारचे जेवण चारला, रात्रीचे दहाला, आणि साडेदहाला आडवे. भरल्या पोटी आडवे झाले की जठरातले आम्ल अन्ननलिकेतून वर येते आणि रात्रभर स्वरयंत्राला चाटते. अशा माणसाला छातीत जळजळ होतेच असे नाही. सकाळी उठल्यावर आवाज घोगरा, घशात काहीतरी अडकल्यासारखे, सारखे खाकरावेसे वाटणे, एवढेच होते. गोळ्या मी देतो. पण रात्रीचे जेवण आणि झोप यांत अडीच-तीन तास ठेवले आणि खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा घातल्या, तर पुष्कळांना गोळ्या लागतच नाहीत. उशा वाढवून तो फायदा होत नाही, मान मोडते. जेवण लवकर होणे घरच्यांच्या हातात आहे. दुपारचा डबा बाराला खायचा असेल तर तो सकाळी सहाला तयार असला पाहिजे, आणि तो करणारी आई किंवा बायको साडेचारला उठते, हेही लिहून ठेवतो.

पायांच्या निळ्या शिरा आणि कंबर यांबद्दल मागे लिहिले आहे, पुन्हा लांबवत नाही. एका जागी खांबासारखे उभे राहू नका, बाकांमधून फिरा, रात्री पाय उशीवर ठेवा. मोटरसायकलचा शॉकअब्सॉर्बर खराब असेल तर माझ्याकडे येण्याआधी मेकॅनिककडे जा.

मनाचे मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. कारण 'झोप येत नाही, गोळी द्या' म्हणून येणाऱ्या या तरुणांची झोप मेंदूच्या बिघाडाने गेलेली नसते. वय तेहतीस-चौतीस. गावात 'प्रोफेसर'. सोयरिकीला गेले की दुसरा प्रश्न, 'पर्मनंट हाय का?' कायम होण्यासाठी लागणाऱ्या रकमेच्या लाखांतल्या गोष्टी पारावर चवीने चघळल्या जातात, आणि वडिलांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी कोणते वावर असते, हे मुलाला दिसत असते. बरोबरचा मित्र बारावीनंतर दुकान टाकून दोन मुलांचा बाप झालेला. दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा नेमणूक, नाहीतर नाही. अशा माणसाला 'टेन्शन घेऊ नका' हे सांगण्यात काही अर्थ नाही.

मी तीन गोष्टी विचारतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजच उदास वाटते का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी, वाचन, क्रिकेट, मुलांना शिकवणे, यांत रस उरला नाही असे झाले आहे का? आणि आपण नसलो तर बरे, असा विचार येतो का? तिसऱ्याचे उत्तर 'हो' आले तर ती तातडीची गोष्ट आहे, छातीत दुखण्याइतकीच. हे विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवा विचार घुसत नाही. उलट, विचारणारा भेटला म्हणून माणूस मोकळा होतो. रात्री-अपरात्री सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. ती ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. झोपेच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणून खाणारे दोघे माझ्या पाहण्यात आहेत. चार महिन्यांनी गोळीशिवाय झोपच येत नाही, ही नवीनच तक्रार घेऊन ते आले. उदासीचा आजार असेल तर त्यावर चांगली औषधे आहेत, ती वेगळी, आणि ती डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यायची.

आता शेवटची गोष्ट, जी बाया मला फार उशिरा, आणि तीही बाकीचे पेशंट उठून गेल्यावर सांगतात. एक प्राध्यापिका, वय एकोणतीस, सकाळच्या एस. टी. ने जाऊन संध्याकाळच्या एस. टी. ने येणारी. वर्षात चौथ्यांदा लघवीची जळजळ आणि ताप घेऊन आली. प्रत्येक वेळी तपासणी, प्रत्येक वेळी अँटिबायोटिक. साखर तपासली, सोनोग्राफी केली, काही निघाले नाही. मग मी साधे विचारले, "ताई, दिवसभरात पाणी किती पिता?"

ती म्हणाली, "घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत पीतच नाही, सर."

"का?"

थोडे थांबून म्हणाली, "प्यायले तर जावं लागतं."

तिच्या कॉलेजात बायकांचे स्वच्छतागृह होते. त्याला कुलूप असे, आणि किल्ली कार्यालयातल्या एका पुरुष कर्मचाऱ्याकडे. दर वेळी चारचौघांत जाऊन त्याच्याकडे किल्ली मागायची आणि परत नेऊन द्यायची. त्यापेक्षा नऊ तास लघवी रोखून धरणे तिला बरे वाटे. लघवी तुंबून राहिली की त्यात जंतू वाढतात. पाणी कमी प्यायले की ते धुऊन जात नाहीत. बाईचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतू लवकर वर चढतात. हाच आजार मूत्रपिंडापर्यंत गेला तर थंडी वाजून ताप, पाठीत दुखणे, उलट्या, आणि दिवस गेलेले असतील तर बाळालाही धोका. शिवाय कोरड्या घशाने चार तास बोलायचे. स्वरतंतूंवरचा पातळ ओलावा पाण्यावर अवलंबून असतो, तो गेला की घर्षण वाढते. म्हणजे एका किल्लीने मूत्रपिंड आणि घसा दोन्ही कामाला लावले होते.

मी तिला औषध दिले, दर तीन तासांनी जाण्याची ताकीद दिली, आणि एक चिठ्ठी लिहून दिली: रुग्णेस वारंवार मूत्रसंसर्ग होत असून तिला दिवसभर पाणी पिणे व वेळेवर स्वच्छतागृहाचा वापर वैद्यकीय कारणास्तव आवश्यक आहे. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. चिठ्ठी दाखवायला ती महिनाभर लाजली. मग तिथल्या वयाने मोठ्या बाईंनी ती तिच्या हातातून घेतली आणि स्वतः प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. तेव्हा कळले, की इतर तिघींनाही हाच त्रास होता आणि मुलींनाही.

गेल्या जुलैपासून तिला संसर्ग झालेला नाही. ती पिशवीत लिटरची बाटली नेते आणि रिकामी आणते. कुलूप अजून आहे, पण किल्ली आता स्टाफरूमच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असते.